उदबत्तीचं घर

आत्माराम गोताडचे वरचे पुढचे चार दात दिवाळीआधी गेले. आपसूक पडले असते तर दैवाला बोल लावता आला असता. पण ते हलत होते, दुखत होते, म्हणून त्यानेच रत्नागिरीत जाऊन काढून घेतले आणि त्या जागी कवळी बसवून घेतली. "बघा काका, कशी चपखल बसल्येय! आता खुशाल हसा," डॉक्टर म्हणाला. आत्मारामला हसायचं नव्हतं. दात होते तेव्हाही तो फारसा हसला नव्हता. त्याला फुंकायचं होतं.

वयाच्या बाविसाव्या वर्षापासून तो नवलाई ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होता, आणि आता त्रेसष्टावं चालू होतं. वराती, विसर्जनं, शाळांची संचलनं. एकदा तर कुणा पुढाऱ्याने गटाराच्या उद्घाटनाला बँड बोलावला होता, तिथेही तो उभा राहून फुंकून आला. ट्रम्पेटच्या टोकाला ओठ टेकवायची छोटी पितळी वाटी असते, तिला माउथपीस म्हणतात. ती वाटी ओठावर दाबायची आणि ओठ दातांवर. दात म्हणजे मागची भिंत. भिंत पक्की असेल तर सूर निघतो. कवळीची भिंत पक्की नव्हती. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वरातीत, नवरा घोड्यावर चढत असताना, आत्मारामने वरचा सूर लावला आणि कवळी सुटून जिभेवर आली. ट्रम्पेटातून नुसतं 'फुर्र' झालं. नवऱ्याकडची माणसं हसली ती हसलीच, पण घोड्यानेसुद्धा मान वळवून पाहिलं.

बँडचा मालक विनोद पस्तिशीतला, बापाच्या मागे धंदा सांभाळणारा, तोंडाचा गोड. त्याने चारचौघांत काही म्हटलं नाही. पुढच्या सुपारीला फक्त म्हणाला, "आत्माकाका, यंदा तुम्ही जरा हलकं वाद्य घ्या," आणि खुळखुळा पुढे केला.

बाळाच्या पाळण्यावर टांगतात त्याचाच हा थोरला भाऊ. बँडमध्ये ज्याला काहीच वाजवता येत नाही त्याच्या हातात तो देतात. आत्मारामने घेतला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि हातात खुळखुळा. रात्री जेवताना बायकोला, सावित्रीला, त्याने तेवढंच सांगितलं. ती ताकात भात कालवत होती.

"हलवायचा तर हलवायचा," ती म्हणाली. "हाताला काय होतंय? चाळीस वर्षं गालफडं फुगवलीत, आता जरा विसावा घ्या की."

बँडचं एक वेळ सोसलं असतं. खरा घोर वेगळाच होता, आणि तो सावित्रीलाही ठाऊक होता.

त्यांच्या गावात शिमग्याला देवीची पालखी सहाणेवर बसते. सहाण म्हणजे देवळापुढचा जांभ्या दगडाचा चौथरा. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरव गाऱ्हाणं घालतो, गाव "होय महाराजा" म्हणतो, आणि मग गोताडांच्या घरचा माणूस देवळातला लांब पितळी कर्णा फुंकून हाळी देतो. एकच सूर, एकाच दमात. पालखी भोयांच्या खांद्यावर पक्की टेकेपर्यंत तो तुटता कामा नये. तुटला, तर त्या घरचा मान गेला. पुढच्या वर्षीपासून कर्णा दुसऱ्या घरी. हाळी देताना उपरण्याचं टोक तोंडावर धरायचं, हीही रीत. बापामागे एकतीस वर्षं आत्माराम उपरणं धरून हाळी देत आला होता, आणि आजवर सूर तुटला नव्हता.

पौषातच गावचे मानकरी बाबल्यादादा काठी टेकत त्याच्या अंगणात आले. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत.

"आत्मा, ऐकलं ता खरं काय रे?"

"काय ऐकलंत?"

"घोडो हसलो ता."

सावित्रीने चहा आणून ठेवला. बाबल्यादादांनी बशीत ओतून घेतला, दोन घोट घेतले आणि मग मुद्द्यावर आले. "गावातली पोरं म्हणतायत, गेल्या वर्षीची हाळी मोबाइलवर घेतलेली हाय, तीच पेनड्राइव्हवर घालून कर्ण्यावर लावू. म्हणजे आपल्या कर्ण्यावर नाय, त्या लाऊडस्पीकरच्या. मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी हाळीच्या मानाचा नारळ कोणाला देऊ? पेनड्राइव्हला?"

"मी देतो हाळी," आत्माराम म्हणाला.

"कशी देशील?"

"बघतो."

हे 'बघतो' म्हणजे पुढचे दोन महिने.

कर्ण्याला आत्मारामने ट्रम्पेटचाच माउथपीस बसवला होता, अगदी पहिल्या वर्षापासून. कर्ण्याची मूळची वाटी वाकडी होती. बाप म्हणायचा, सहाणेवर पडून वाकली. आत्मारामला तेव्हा सगळं नवं आणि सरळ हवं होतं. आता तो बँडच्या पत्र्याच्या पेटीतले सगळे माउथपीस एकेक करून घरी आणू लागला. मोठ्या बाजाचा रुंद काठाचा लावला. त्यातून वारा कुठल्या कुठे पसरला. काठावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली. तोंडभर रबराचा वास आणि आवाज रेड्यासारखा. कुकरची जुनी रिंग कापून लावली, तेव्हा सावित्रीने हात जोडले. "आता माझी कढई घ्या नि तीच फुंका."

मग त्याने पाळणे करणाऱ्या सुताराकडून फणसाच्या लाकडाची वाटी कातून घेतली. पिवळीधमक, हाताला गुळगुळीत, आणि ओठाला पितळेसारखी गार नाही, ऊबदार. पहिले दोन दिवस सूर बरा निघाला. तिसऱ्या दिवशी थुंकीने लाकूड फुगलं आणि कर्ण्याच्या तोंडात असं घट्ट बसलं की काढताना चिरलं. नारळाच्या करवंटीची वाटी तो स्वतः कानशीने घासत बसला, दोन आठवडे. तिचा आवाज फार गोड होता, खरं सांगायचं तर सगळ्यांत गोड. पण करवंटीचा काठ कितीही घासला तरी ओठ कापायचा. सकाळी कपाला तोंड लावलं की चहात रक्त दिसायचं.

एका ओळखीच्या माणसाने म्हशीच्या शिंगाची वाटी करून दिली. जुन्या काळी कंगवे करत, तसलं काळं चकचकीत शिंग. ते कवळीवर सगळ्यांत छान बसलं. आत्मारामला वाटलं, झालं काम. तेवढ्यात सावित्री कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"हे घरात आणायचं नाय. देवीच्या हाळीला तर बिलकूल नाय."

"अगो, ढोलाला कातडं चालतंय ना देवीसमोर?"

"ढोल काठीने वाजवतात. ढोलाला कोण तोंड लावतंय?"

आत्मारामने वाटी कर्ण्यातून काढली. खरं म्हणजे त्याचंही मन घेत नव्हतं; तो फक्त तिच्या तोंडून ऐकायची वाट बघत होता. शिंगाची वाटी त्याने परसातल्या खोपीत, मांगरात, कोयत्या-कुऱ्हाडींच्या फळीवर ठेवून दिली.

शेवटी जावयाने, सुजयने, मुंबईहून कुरियरने कर्ण्याला लावायचं एक पिवळं प्लॅस्टिकचं टोक पाठवलं. लेक शमिका फोनवर सांगत होती, "बाबा, हे खास तुमच्या मापाचं. मशीनवर छापून घेतलंय."

"छापून? पंचांगासारखं?"

"तसंच समजा. वापरून तर बघा."

वापरून बघितलं. ते इतकं हलकं होतं की ओठाला काही टेकलंय हेच कळेना. शमिकाला त्याने "छान हाय" असं सांगितलं. ते पिवळं टोक खिडकीत पडून राहिलं, आणि पोरीशी खोटं बोलल्याचं त्याला दोन दिवस लागून राहिलं.

माघ सरला. आंब्यांना कैऱ्या धरल्या. आत्माराम रोज सकाळी काजूच्या झाडांमागे जाऊन फुंकायचा आणि रोज दुपारी बँडबरोबर जाऊन खुळखुळा हलवायचा. दोन्हींनी थकवा यायचा, पण वेगवेगळा. फुंकल्याचा थकवा छातीत बसायचा, खुळखुळ्याचा मनात. झोपेत कधी जबडा आखडायचा. जेवताना तो आता भाकरी आमटीत भिजवून घ्यायचा, थेट बापासारखी. बापाचेही पुढचे दात लवकर गेले होते. शेवटची दहाएक वर्षं म्हातारा तसाच वावरला. पण तेव्हा कवळी कोण बसवणार?

शिमग्याला दहा दिवस उरले असताना सावित्री दोन दिवसांसाठी माहेरी, लांज्याला गेली. जाताना बजावलं, "देवाला फूल-उदबत्ती चुकवू नका. नि उदबत्ती तिच्या घरातच खोचा, तांदळाच्या वाटीत नको. मागच्या वेळी तांदूळ जळले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्माराम आंघोळ करून देवापुढे बसला. फुंकायला जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आज नकोच, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि म्हटल्यावर बरंही वाटलं. बाबल्यादादांना निरोप पाठवावा, घेऊन जा कर्णा म्हणावं. त्याने उदबत्ती पेटवली आणि उदबत्तीच्या घरात खोचली. ती नेहमीसारखी तिरकी उभी राहिली. त्याने सरळ केली. ती परत तिरकी झाली.

तेव्हा त्याने ते घर हातात घेतलं.

बसकी पितळी वाटी, पालथी घातलेली. वर निमुळती दांडी, दांडीला भोक, भोकात उदबत्ती. कर्ण्याची मूळची वाकडी वाटी. बापाच्या दिवसकार्यानंतर घर आवरताना सावित्रीला सापडली, दांडीत उदबत्ती बरोबर बसते म्हणून तिने ती देव्हाऱ्यात ठेवली, आणि एकतीस वर्षं ती तिथेच होती. काठ एका बाजूने चपटा होता, म्हणून उदबत्ती तिरकी.

आत्मारामने चपट्या काठावर बोट फिरवलं. चष्मा आणला. उजेडात धरलं. काठावर आडवे बारीक ओरखडे होते, एका मापाचे, एका दिशेचे, झिजून गुळगुळीत झालेले. मध्यंतरी दोन आठवडे त्याने स्वतः करवंटीवर असलेच ओरखडे काढले होते. दगडावर पडलेल्या वस्तूला पोचा येतो. कानशीचे ओरखडे येत नाहीत.

वाटी पडली नव्हती. कुणीतरी बसून, मापाने, घासली होती.

त्याने कवळी काढली आणि वाटी ओठांच्या मधोमध लावली. बसेना. मग चपटी बाजू गालाकडे करून ओठाच्या डाव्या कोपऱ्याला लावली. तिथे आत सुळा होता, त्यामागे दाढा. वाटी अशी बसली, जशी चूल आपल्या जागी बसते. त्याने हळूच वारा सोडला. देव्हाऱ्यातली समई थरथरली.

बापाचे पुढचे दात नव्हते, हे आत्मारामला तेव्हाही दिसत होतं. दात नसताना म्हातारा फुंकतो कसा, हे विचारायचं मात्र त्याला कधी सुचलं नाही. बाप होता, फुंकत होता, एवढंच. आता विचारायला गेलं तर फोटोला घातलेला हार तेवढा उरला होता.

सावित्री परत आली ती थेट देव्हाऱ्याशी.

"उदबत्तीचं घर कुठं गेलं? नि ही तांदळाच्या वाटीत? सांगून गेले होते ना?"

आत्मारामने मुठीतली वाटी दाखवली. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग एकदम खाली बसली.

"म्हणजे ही मामंजींच्या तोंडातली?"

"होय."

"नि मी एकतीस वर्षं देवापुढे उष्टं ठेवत्येय?"

हे आत्मारामच्या ध्यानातच आलं नव्हतं. "तुला काय ठाऊक होतं? तुला वाटलं घंटीचा तुकडा असेल."

"ते ओरखडे मला ठाऊक होते," ती म्हणाली. "दर गुरुवारी आमसूल लावून घासत्येय. साल अडकते त्यात. मला वाटायचं, असतील कसले तरी." तिने वाटी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "नि आता देवाला वाहिलेली वस्तू तुम्ही तोंडाला लावणार. आधी उष्टी देवाला दिली, आता देवाची उष्टी करायची."

"मग नको लावू?"

सावित्री उठली, वाटी विहिरीच्या पाण्याने धुतली, देवापुढे ठेवली आणि हात जोडून बराच वेळ बसली. काय बोलली ते तिचं तिला ठाऊक. उठताना तिने वाटीला हळदीकुंकू लावलं, परत पुसलं आणि त्याच्या हातात दिली.

"शबरीची बोरं चालली त्याला," ती म्हणाली. "मग मामंजींनी काय घोडं मारलंय? पण हाळी झाली की परत इथं आणायची. देवाची हाय ती."

नऊ दिवस आत्मारामने कोपऱ्यातून फुंकायचा सराव केला. सोपं नव्हतं. चाळीस वर्षांची सवय मधोमध होती. डावा गाल भरून यायचा, कान दुखायचा, एका बाजूने लाळ गळायची. सूर येत होता, पण दम पुरत नव्हता. पूर्वी तो मनात वीस मोजेपर्यंत सूर धरायचा, आता अकरा झाले की छाती रिकामी. हाळी सुरू झाल्यापासून पालखी खांद्यावर टेकायला पंधरा तरी लागतात.

शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सहाणेभोवती गाव जमलं. मुंबईकर आले होते. आत्मारामचा पुतण्या ओमकार भोयांत होता, पालखीच्या पुढच्या दांडीला. कडेला उभ्या बायकांत सावित्री होती, दोन्ही हात पदरात. लाऊडस्पीकर कडेला जोडून ठेवला होता, त्याला पेनड्राइव्हही लावलेला. आत्मारामने तो बघितला आणि मान वळवली. गुरवाचं गाऱ्हाणं संपलं. "होय महाराजा!" गावाने म्हटलं.

आत्मारामने पाठ वळवून कवळी काढली आणि खिशात टाकली. उपरण्याचं टोक तोंडावर ओढलं. त्या आडोशात वाटी कोपऱ्याला लावली. आपण बापाच्या जागी उभे आहोत, असं त्याला त्या घडीला काहीसुद्धा वाटलं नाही. फक्त इतकंच वाटलं, की आई, एवढं एक होऊ दे, मग झोपू दे.

सूर निघाला. तो नेहमीचा नव्हता. जाडसर, जरा घोगरा, घाटातून वर चढणाऱ्या गाडीसारखा. एक, दोन, तीन. दरवर्षी बाबल्यादादा हाळीला पाचसहापर्यंत जाऊ देत आणि मग सावकाश हात वर करून भोयांना खूण करत. यंदा चारावर त्यांचा हात वर गेला. "उचला रे, बघतायसा काय!" भोई गडबडले, दांडीला भिडले. सात. आठ. पालखी गुडघ्यापर्यंत आली. दहा. आत्मारामच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. अकरा. बारा कुठून आले ते त्याला कळलं नाही. सूर थरथरला, बारीक झाला, सुईच्या धाग्याएवढा झाला. तेरा. ओमकारच्या खांद्यावर दांडी टेकली, आणि मागोमाग सगळ्यांच्या.

मग सूर तुटला. ढोल घुमले. हाळी चुकली असं कुणी म्हटलं नाही.

पालखी नाचवत नेली. माणसं तिच्यामागे गेली. आत्माराम सहाणेच्या पायरीवर बसला, उपरणं तोंडावर तसंच ठेवून. बाबल्यादादा काठी टेकत आले आणि शेजारी बसले. दोघेही म्हातारे, दोघांनाही धाप.

"तुझ्या बापाचा आवाज आला आज," बाबल्यादादा म्हणाले. "शेवटच्या वर्षांतला."

आत्मारामने उपरण्यातूनच विचारलं, "दादा, ही उपरण्याची रीत कधीपासूनची हो?"

"रीत?" म्हाताऱ्याने आठवून पाहिलं. "आमच्या तरुणपणी नव्हती. तुझो बाप उघड्या तोंडाने फुंकायचो, गालफडं अशी टमटमीत. मग एका वर्षी त्याने उपरणं धरलं. आम्हाला वाटलं, देवीचा कायतरी हुकूम झाला असेल. पुढल्या वर्षी परत धरलं. म्हटलं, असेल रीत. कोण विचारतंय?"

आत्माराम खालच्या दगडाकडे बघत राहिला. एकतीस वर्षं, तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात असताना, त्याने भक्तिभावाने तोंड झाकलं होतं. बापाने देवीपासून नव्हतं लपवलं. गावापासून लपवलं होतं, आणि पोरापासून.

त्याने उपरणं खाली केलं. बाबल्यादादांनी त्याच्या बसलेल्या तोंडाकडे पाहिलं, हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग काठीने जमिनीवर दोनदा टकटक केलं, आणि उठले.

घरी आल्यावर आत्मारामने वाटी धुऊन सावित्रीच्या हातात दिली. तिने ती देव्हाऱ्यात पालथी ठेवली आणि उदबत्ती लावली. उदबत्ती तिरकी उभी राहिली.

"पुढच्या वर्षी ओमकार देईल हाळी," आत्माराम भिंतीला टेकून बसत म्हणाला. "मी दादांना सांगतो. त्याला दात हायत. नि उपरणं धरू नको म्हणून त्यालाही सांगतो."

"नि त्याचे पडले की?"

"मग हाय की घर. त्याला दाखवून ठेवू, कोपऱ्याला लावायचं ते."

सावित्रीने पेजेची वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने खिसा चाचपला, कवळी बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत खिशात टाकली. पेजेला काही दात लागत नाहीत.